इंटर्नला लिहायला बसवू नका, आधी खिडकीपाशी उभं करा

प्रश्न थोडक्यात असा: गोवंडी-मानखुर्द भागात आरोग्याचं काम करणारी छोटी संस्था आहे. दरवर्षी मे-जूनमध्ये सहा ते आठ इंटर्न येतात, काही मास मीडियाचे, काही एमएसडब्ल्यूचे (समाजकार्याचे), एखाद-दुसरा पब्लिक हेल्थचा. आठ आठवडे राहतात. त्यांच्याकडून पत्रकं, व्हॉट्सॲप मेसेज आणि छोटे व्हिडिओ करून घ्यायचेत. ते 'सर्वसमावेशक' असावेत अशी देणगीदारांची अट आहे. सुरुवातीला दोन दिवसांचं वर्कशॉप घेतलं तर पुरेल का, आणि त्यात काय शिकवावं?

नाही पुरणार. दोन दिवसांत शब्दांची यादी पाठ होते: हे म्हणा, ते म्हणू नका. मग तिसऱ्या दिवशी अगदी सभ्य भाषेतलं, एकही आक्षेपार्ह शब्द नसलेलं पत्रक तयार होतं. ते हातात घेऊन बाई दुपारी हेल्थ पोस्टला, म्हणजे महापालिकेच्या वस्तीतल्या छोट्या आरोग्य केंद्रात, पोचते आणि तिला कळतं की लसीकरणाचा वार आज नाही. तिच्या दृष्टीने त्या पत्रकाने तिचा अर्धा रोज बुडवला. पुढचं पत्रक ती वाचणार नाही, आणि आपण अहवालात लिहिणार, 'समाजात जनजागृतीचा अभाव आहे.' निरोप शब्दांपाशी कमी तुटतो, केंद्राच्या खिडकीपाशी जास्त. त्यामुळे वर्कशॉप रद्द करू नका, पण ते दुसऱ्या आठवड्यात ढकला. पहिला आठवडा कुणीही काहीही लिहायचं नाही.

पहिल्या आठवड्यात काय करायचं? प्रत्येक इंटर्नने एका सेवेची वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालून बघायची. सेवा एकच घ्या: गरोदरपणातली तपासणी, बाळाची लस, टीबीची तपासणी, बीपी-शुगरची गोळी. घरापासून निघून केसपेपरची खिडकी, तपासणी, रक्त द्यायची जागा, औषधाची खिडकी, रिपोर्ट परत घ्यायची वेळ. प्रत्येक टप्प्यावर चार गोष्टी टिपायच्या: पाटीवर काय लिहिलंय, खिडकीतून तोंडी काय विचारतात, किती वेळ गेला, किती पैसे गेले. पैशांत रिक्षा, झेरॉक्स आणि बुडालेली मजुरी हे सगळं धरायचं. मग दोन तास खिडकीजवळ बाजूला उभं राहून नोंद करायची की किती जण परत गेले आणि कशामुळे. 'कागद नव्हता', 'वेळ संपली', 'दुसऱ्या इमारतीत जा सांगितलं', 'भाषा कळली नाही'. नाव, चेहरा, आजार काही टिपायचं नाही, फक्त कारण आणि मोजणीची काडी.

यासाठी वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी लागते. इंटर्न येण्याआधी तीन आठवडे पत्र द्या आणि त्यात फोटो काढणार नाही, रजिस्टर बघणार नाही, कामात अडथळा आणणार नाही हे स्पष्ट लिहा. पत्र हातात नसताना पोरांना पाठवलं तर पहिल्याच दिवशी सिस्टर हाकलतात, आणि ते बरोबरच आहे. आरोग्य सेविकांच्या वेळेचंही भान ठेवा. त्यांच्यामागे सहा जणांचं लटांबर फिरवू नका. एका सेविकेबरोबर एकच इंटर्न, आणि तिच्या ठरलेल्या फेरीतच.

आकडे याच आठवड्यात दाखवा, म्हणजे ते डोळ्यांसमोर ठेवून वाचले जातात. गोवंडी-मानखुर्द ज्यात येतं तो एम पूर्व वॉर्ड २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात सगळ्यात तळाला होता. पण त्याच वॉर्डात देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे, शिवाजीनगरची दाट वस्ती आहे, आणि अणुशक्तीनगरची, अणुऊर्जा खात्यातल्या लोकांची आखीव वसाहतही आहे. म्हणजे शहराची सरासरी वॉर्ड झाकते आणि वॉर्डाची सरासरी गल्ली झाकते. इंटर्नला हे एकदा कळलं की 'एम पूर्वमधल्या लोकांसाठी' असं पत्रक तो लिहीत नाही. तो विचारतो, कुठल्या गल्लीसाठी?

आकड्याशेजारी कारण लिहायची सवयही इथेच लावा. २०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली. त्यावर बहुतेक इंटर्न पहिलं वाक्य लिहितात, 'अज्ञानामुळे पालक लस देत नाहीत.' हे वाक्य फळ्यावर लिहून खाली विचारा: नऊ महिन्यांचा डोस चुकायला आणखी काय काय कारणं असू शकतात? बाळ त्या वेळी गावी होतं. मागच्या सुईनंतर ताप आला आणि आईला दोन दिवस कामावर जाता आलं नाही. कार्ड पावसात भिजलं आणि कार्डाशिवाय गेलो तर ओरडतील ही भीती. घर तुटलं, पत्ता बदलला, आणि नव्या गल्लीतल्या सेविकेच्या यादीत नाव नाही. प्रत्येक कारणाला वेगळा निरोप लागतो. कार्ड हरवलेल्या आईला 'लस महत्त्वाची आहे' हे सांगून काय उपयोग? तिला 'कार्ड नसलं तरी या' हे वाक्य हवं असतं. आणि ते वाक्य छापण्याआधी केंद्रात विचारून खात्री करावी लागते.

दुसऱ्या आठवड्यापासून शब्द. यादी द्यायचीच असेल तर कोरी द्या: तीन रकान्यांची वही. पहिल्यात डॉक्टरांचा शब्द, दुसऱ्यात वस्तीतला शब्द, तिसऱ्यात आपण वापरणार तो. चाळीस शब्द पुरे. मधुमेह / शुगर / शुगर. एक्स-रे / फोटो / छातीचा फोटो. श्वेतस्राव / अंगावरून पांढरं जाणं / तेच. पोलिओची लस म्हणजे 'डोस', आणि टोचायची ती 'सुई'. 'उपाशीपोटी' बहुतेकांना कळतं, पण चहा घेतला तर चालतो असं निम्म्यांना वाटतं. त्यामुळे 'चहासुद्धा नको' हे लिहावंच लागतं. 'पॉझिटिव्ह' हा सगळ्यात फसवा शब्द. रोजच्या बोलण्यात पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं. 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला' असं न लिहिता 'रिपोर्टमध्ये टीबी दिसला' असं लिहा. तिसरा रकाना भरताना भांडण होऊ द्या. शुद्ध मराठीचा आग्रह धरणारा एक इंटर्न असतोच. त्याला शब्द घेऊन फेरीवर पाठवा, वाद तिथेच मिटतो.

एक उदाहरण जवळून बघू, कारण प्रशिक्षणाचा अर्धा भार या एका मजकुरावर पेलतो. सरकारी वळणाचं नेहमीचं पत्रक असं असतं:

'क्षयरोग संशयित रुग्णांनी थुंकीचे दोन नमुने नजीकच्या आरोग्य केंद्रात तपासणीकरिता विनाविलंब सादर करावेत. तपासणी व औषधोपचार मोफत उपलब्ध आहेत.'

इंटर्नला हे देऊन विचारा, कुठे तुटतं? ते 'विनाविलंब' आणि 'सादर' पकडतात. ठीक आहे, पण तेवढ्याने कुणाचं अडत नाही. खरी मोडतोड 'थुंकी'पाशी आहे. थुंकी म्हणजे तोंडातलं पाणी. माणूस आज्ञाधारकपणे डबीत थुंकतो, प्रयोगशाळेत लाळ पोचते, आजार असूनही सापडत नाही. हवा असतो तो छातीतून खोकून काढलेला बेडका, हिंदीत बलगम. 'बेडका' शब्द इंटर्नना घाण वाटतो, पोस्टरवर नको म्हणतात. घाण वाटला तरी चालेल, नमुना बरोबर यायला हवा.

मग 'संशयित'. हा पोलिसांचा शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली टीबीच्या व्याख्या बदलताना 'सस्पेक्ट' आणि 'डिफॉल्टर' हे दोन्ही शब्द काढून टाकले. आपल्याकडे बोलण्यात ते अजून आहेत. औषध मध्येच सुटलेल्या माणसाला 'डिफॉल्टर' म्हटलं की चूक त्याची ठरते. 'औषध सुटलेले' म्हटलं की का सुटलं, हा प्रश्न आपोआप येतो. बाकी 'नजीकच्या' म्हणजे कुठल्या, 'दोन' म्हणजे कोणते आणि कधी घेतलेले, आणि 'मोफत' म्हणजे काय-काय, हे तीन प्रश्न उरतातच. त्यांची उत्तरं इंटर्नने पहिल्या आठवड्याच्या वहीतून काढायची. हाताशी यावं ते साधारण असं:

'खोकला दोन आठवड्यांत गेला नाही? बेडका तपासून घ्या. तपासणीला पैसे लागत नाहीत.
डबी इथे मिळेल: (इमारत, खोली, वार, वेळ).
पहिला नमुना तिथेच द्या. दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळचा.
सकाळी उठल्यावर, चहा-नाश्त्याआधी, साध्या पाण्याने चूळ भरा. मोकळ्या हवेत जा. दोनदा खोल श्वास घ्या, मग छातीतून जोरात खोका.
घट्ट बेडका डबीत घ्या, साधारण अर्धा ते एक छोटा चमचा. तोंडातली पातळ थुंकी नको.
झाकण घट्ट लावा. डबी त्याच सकाळी आणून द्या.
रिपोर्ट: (कधी, कुठे, कोणाकडे).'

यात 'मोकळ्या हवेत' कशासाठी ते इंटर्नकडून वदवून घ्या. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं असताना घरात खोकून नमुना काढला तर उरलेल्या चौघांना धोका. पण बाईमाणसाने गल्लीत सगळ्यांदेखत खोकत उभं राहायचं तर शेजाऱ्यांना कळणार. हा पेच पत्रकाने सुटत नाही. केंद्राच्या आवारात आडोशाची जागा आहे का ते विचारायचं, असेल तर पत्रकात लिहायचं. नसेल तर ती मागणी अधिकाऱ्यांकडे न्यायची. संवाद शिकवताना इंटर्नला हेही कळायला हवं की प्रत्येक अडचण मजकुराने सुटत नसते.

टीबीच्याच पत्रकात पैशाचाही उल्लेख येतो. टीबीचं औषध घेणाऱ्यांना आहारासाठी पैसे देणाऱ्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेत दरमहा ५०० रुपये मिळायचे, ते नोव्हेंबर २०२४पासून १,००० झाले. जुना आकडा असलेली पत्रकं अजून कपाटात निघतात, त्यामुळे तारीख बघितल्याशिवाय जुन्या मजकुरावरून नवा लिहायला बंदी करा. पैसे बँक खात्यात येतात. ज्याचं खातं नाही किंवा बंद पडलंय त्याने काय करायचं, ही ओळ नसेल तर योजना ज्याला सगळ्यात जास्त हवी त्यालाच ती दिसत नाही.

आता भाषा. मुंबईत इंटर्नची हटकून होणारी चूक म्हणजे 'मराठी आणि हिंदी केलं की झालं.' महापालिकेच्या शाळाच आठ माध्यमांत चालतात: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी. पण म्हणून आठ पत्रकं छापा असा त्याचा अर्थ नाही. बोलायची भाषा आणि वाचायची लिपी एकच असते हे गृहीत धरू नका, एवढंच. धारावीत घरी तमिळ बोलणाऱ्या आणि शाळा इंग्रजी किंवा मराठीतून केलेल्या मुलीला तमिळ लिपी वाचता येईलच असं नाही. गोवंडीत आजोबा उर्दू लिपी वाचतात, नातू तोच मजकूर देवनागरीत वाचतो, आणि आजी दोन्ही वाचत नाही, पण मोबाइलवर आलेला आवाज तीनदा ऐकते. म्हणून फेरीवर तीन प्रश्न विचारायला लावा: घरी काय बोलता? मोबाइलवर कुठल्या लिपीत वाचता? आवाजाचा मेसेज पाठवला तर कोण ऐकेल? या उत्तरांवरून ठरवा. बहुतेक वेळा दोन लिपींतला कागद आणि तीन-चार भाषांतला आवाज, असं गणित बसतं. ४५ सेकंदांच्या आवाजाच्या मेसेजात सावकाश बोललं तर ८०-९० शब्द मावतात. त्यात एकच काम सांगायचं.

भाषांतर तपासायची सोपी रीत: एकाने करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते वाचून मराठीत तोंडी सांगायचं, तिसऱ्याने मुळाशी ताडून बघायचं. मशीनने केलेलं भाषांतर कच्चा खर्डा म्हणून चालेल. पण मराठीत 'डिस्चार्ज' म्हटलं की दवाखान्यातून सुट्टी आठवते, मग इंग्रजी मजकुरातला स्रावाचा इशारा भलतीकडे जातो. असे शब्द वहीत वेगळे काढून ठेवा. आणि दुभाषी म्हणून घरातलं पोर पकडायचं नाही. बारा वर्षांच्या मुलीने आईच्या पाळीबद्दल पुरुष डॉक्टरांना सांगावं, अशी वेळ आपल्यामुळे येऊ नये. आई खरं सांगणारही नाही.

मराठीची एक सोय इंटर्न विसरतात. आपल्या क्रियापदाला लिंग चिकटतं, पण आदरार्थी आज्ञार्थाला नाही. 'तू आला नाहीस/आली नाहीस' या भानगडीत न पडता 'या, बसा, विचारा, सोबत कागद आणा' असं लिहिलं की बाई, पुरुष, तृतीयपंथी सगळे त्यात आले, आणि मान राखला गेला तो वेगळाच. हिंदीत 'आप', 'तुम' नाही. 'मातांनो' म्हणून सुरू होणारा लसीचा मेसेज बापाला आणि आजीला मोकळं सोडतो. 'घरात बाळ आहे?' एवढं पुरतं.

माणसांविषयीच्या शब्दांसाठी कसोटी एकच ठेवा: ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यासमोर मोठ्याने वाचता येईल का? 'मूकबधिर' नको, कारण ऐकू न येणारी सगळी माणसं मुकी नसतात. 'कर्णबधिर' म्हणा. 'महारोगी', 'मतिमंद' बाद. 'दिव्यांग' हा सरकारी शब्द झालाय, पण चळवळीतल्या अनेकांना तो नको आहे, त्यांना 'अपंग'च हवा असतो. अशा वेळी गटाला विचारा आणि एका मजकुरात एकच शब्द ठेवा. 'टीबीग्रस्त', 'एचआयव्हीपीडित' यांऐवजी 'टीबीचं औषध घेणारे', 'एचआयव्हीसह जगणारे'. मात्र हे ताणू नका. प्रत्येक नामाआधी 'असलेली व्यक्ती' जोडत गेलं तर वाक्य इतकं लांबतं की ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाच वाचवत नाही. त्या नम्रतेचा उपयोग शून्य.

अपंगत्वाचा भाग भाषणाने शिकवू नका, फोनवर शिकवा. अँड्रॉइडवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, सुरू करायला लावा (सेटिंगमध्ये शॉर्टकट चालू असेल तर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून ठेवायची), डोळे मिटायला सांगा, आणि आपणच पाठवलेल्या व्हॉट्सॲप पोस्टरमधून केंद्राची वेळ शोधायला सांगा. सापडत नाही. पोस्टर म्हणजे चित्र, वाचक-सॉफ्टवेअरला त्यातली अक्षरं मिळतीलच याची खात्री नाही. उपाय फुकट आहे: चित्राखाली तोच पूर्ण मजकूर टाइप करून पाठवायचा. टाइप युनिकोडमध्येच. छापखान्याकडून श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधली फाइल आली तर पडद्यावर ती सुंदर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरांची खिचडी असते आणि टॉकबॅक ती खिचडीच वाचतो. छपाईला हवा तो फॉन्ट वापरू द्या, पण मूळ मजकूर युनिकोडमध्ये आपल्याकडे ठेवा. पडद्यावर मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण निदान ४.५ ला १ हवं. ते मोजायची साधनं इंटरनेटवर मोफत आहेत. छापील कागदासाठी त्याहून सोपी परीक्षा म्हणजे काळी-पांढरी झेरॉक्स काढा. वस्तीत तुमचं रंगीत पत्रक शेवटी झेरॉक्स होऊनच फिरतं. पिवळ्यावर पांढरी अक्षरं तिथे गायब होतात, आणि 'लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे ठीक' हेही. पोस्टर असेल तर भिंतीला लावा, दहा फुटांवर पन्नाशीच्या पुढच्या माणसाला चष्म्याविना उभं करा आणि वेळ वाचायला सांगा.

सबटायटल लावली की कर्णबधिरांचं झालं, हाही एक गोड गैरसमज. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीहून वेगळं आहे, आणि लहानपणापासून ती वापरणाऱ्याला मराठी वाक्य ही दुसरी भाषा असू शकते. व्हिडिओ महत्त्वाचा असेल तर प्रशिक्षित दुभाषी घ्या. वांद्रे रेक्लमेशनला वाचा आणि श्रवण अपंगत्वासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येते. दुभाष्याची चौकट निदान पडद्याच्या पाव भागाएवढी, हात आणि चेहरा दोन्ही दिसतील अशी. कोपऱ्यात टिकलीएवढी चौकट ठेवली तर ती देणगीदारासाठी असते, प्रेक्षकासाठी नव्हे. आणि संपर्काला फक्त फोन नंबर नको, मेसेज करता येईल असाही एक द्या.

नंबरांवरून आठवलं. पत्रकावर जाणारा प्रत्येक नंबर इंटर्नने स्वतः लावून बघायचा: टीबीसाठी १८००-११-६६६६, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६, एचआयव्हीसाठी १०९७. कोणत्या भाषांचा पर्याय आला, माणूस लागायला किती मिनिटं गेली, हे वहीत उतरवायचं. आणि स्वतःचा नंबर कुणालाही द्यायचा नाही. नाहीतर इंटर्नशिप संपल्यावर रात्री अकराला फोन येतो आणि पोरं घाबरून सल्ला देऊन बसतात. वैद्यकीय प्रश्नाला एकच उत्तर घोकून घ्या: 'हे मला सांगता येणार नाही. चला, सिस्टरना विचारू.'

मजकूर लोकांना दाखवून घ्यायच्या चाचणीवर निदान दोन आठवडे द्या. 'समजलं का?' या प्रश्नावर बंदी घाला. त्याचं उत्तर मुंबईत कुठेही 'हो'च येतं, कारण समोरच्याला तुमचं मन मोडायचं नसतं. त्याऐवजी 'हे तुमच्या जावेला कसं सांगाल?' असं विचारायचं. मग 'उद्या तुम्हाला जायचं झालं तर आधी काय कराल?' आणि शेवटी 'यातलं काय पटलं नाही?' सहा माणसं, एका वेळी एक. दोघं एकाच जागी चुकले तर वाक्य चुकलंय, माणसं नव्हे. दुरुस्त करा आणि नव्या सहांना दाखवा. त्याच सहांना परत विचारलं तर ते आता पाठ झालेलं सांगतात. वेळ नळाला पाणी यायच्या वेळेबाहेरची निवडा, ती गल्लीगणिक वेगळी असते, सेविकेला विचारा. अर्ध्या तासाचे पैसे द्या. चहा पाजणं म्हणजे मोबदला नव्हे.

पावसाळ्यात येणाऱ्या इंटर्नसाठी सरावाचा दुसरा मजकूर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा आजार) घ्या, तो लगेच उपयोगी पडतो. साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं, असं महापालिका पावसाळ्यात सांगते. चाचणीत दोन गोष्टी निघतात. '७२ तास'पेक्षा 'तीन दिवस' पटकन पोचतं. आणि गोळी घरातल्या सगळ्यांत वाटून खायची कल्पना लगेच येते. नेहमी दिली जाते ती डॉक्सिसायक्लिन. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत, त्यांचं औषध वेगळं असतं. तेव्हा 'गरोदर असाल किंवा घरात लहान मूल असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, दुकानातून स्वतःहून घेऊ नका' हे वाक्य तळटीपेत नाही, मधोमध हवं. मग विचारा, रोजच पाण्यात उतरणारा सफाई कामगार किंवा डिलिव्हरीवाला या मजकुरात कुठे आहे? तो 'एकदा पाण्यातून चालला' या वाक्यात बसत नाही. त्याला वेगळा निरोप लागतो आणि त्यातलं औषधाचं वेळापत्रक डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावं लागतं.

फोटोंबद्दल थोडक्यात. वस्तीतला रडका चेहरा नको, गटाराकाठचं मूल नको. संमती त्यांच्या भाषेत, फोटो कुठे लागणार ते दाखवून, आणि नंतर नाही म्हणायची मुभा ठेवून. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७च्या कायद्यानेच संमतीशिवाय ओळख उघड करायला मनाई आहे. शंका आली की फोटोऐवजी हाताने चित्र काढून घ्या.

आणि निवड. विनामानधन इंटर्नशिप ठेवली की दोन महिने घरच्या पैशांवर हार्बर लाइनने ये-जा परवडणारी मुलंच येतात, मग त्यांना वस्ती शिकवत बसावं लागतं. आठपैकी निदान तीन जागा त्याच भागातल्या, बारावी झालेल्या मुलामुलींना ठेवा, सगळ्यांना सारखं मानधन द्या आणि जोड्या लावा. इंग्रजी अहवाल वाचणारा एक, गल्लीतली भाषा जाणणारी एक. त्यात दुसरीला 'अनुवादक' करून टाकू नका. मजकुरावर शेवटचा शब्द तिचा. देखरेखीला चार इंटर्नमागे एक अनुभवी माणूस हवा, आणि दर शुक्रवारी एक तास सगळ्यांचे मजकूर मोठ्याने वाचायचे. वाचणारा जिथे अडखळतो तिथे पेन्सिलची खूण, बाकी चर्चा नाही.

आठ आठवड्यांत एका जोडीकडून एकच निरोप मागा: कागद, आवाज, टाइप केलेला मेसेज अशा तीन रूपांत, दोनदा चाचणी झालेला. दहा पोस्टर मागितलीत तर दहाही कच्ची मिळतील. यश लाइकवर मोजू नका. केंद्रात 'कुठून कळलं?' या प्रश्नाची काडी टाकायची सोय होते का बघा. अधिकाऱ्यांची हरकत नसेल तर लाळ म्हणून बाद झालेल्या नमुन्यांची महिन्याची फक्त एकूण संख्या मागा, आधीची आणि नंतरची.

प्रत्येक कागदाच्या तळाशी 'वेळ व पत्ता तपासला' असं लिहून महिना आणि वर्ष टाका. फाइलसोबत कोणी, कोणाला विचारून तपासलं ते नोंदवा. शेवटच्या आठवड्यात इंटर्नना शिडी आणि पाण्याची बादली देऊन त्याच गल्ल्यांत पाठवा, मागच्या वर्षीच्या वेळा लिहिलेली पोस्टर खरवडून काढायला.